सात नंबरचा झगा

१

आमच्या नाचातली लेटी हॉबडे मंगळवारी सकाळी वारली. नदीकाठच्या हॉस्पिटलात, सव्वासात वाजता. आई उशाशी होती. मला बातमी आठ वाजता थिएटरच्या मागच्या दारात कळली, आणि साडेआठला त्याच दारातून पोलीस रंगमंचाचे गॅसचे दिवे सांभाळणाऱ्या सायलस गॅरडला घेऊन गेले.

१८७४ सालचा जानेवारी. लंडनच्या दक्षिण काठावर आमचं ऑरिएल थिएटर. नाताळपासून रोज संध्याकाळी परीकथेचा मोठा खेळ लागलेला, मुलाबाळांनी गॅलरी भरलेली. मी अँब्रोज टकवेल, तिथला प्रॉम्प्टर. विंगेत उंच स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता उघडी ठेवायची, नट अडला की शब्द पुरवायचा. एकवीस वर्षं मी तेच केलं.

सोमवारच्या खेळात दुसऱ्या अंकात बारा जलपऱ्यांचा नाच संपला. टाळ्या पडल्या. मुली रांगेनं विंगेत परतत होत्या. दुसऱ्या विंगेत गॅसच्या दिव्यांचा उभा खांब असतो, त्याच्या पुढ्यात तारेची जाळी. तिथून जाताना लेटीच्या झग्याचा घोळ जाळीला घासला आणि पेटला.

तलम मलमल पेटताना ज्यानं पाहिली नाही त्याला काय सांगू? आधी पिवळी रेघ, मग सगळी मुलगी. मी कोट काढत धावलो, सायलस ओलं कांबळं घेऊन धावला. आम्ही दोघांनी मिळून तिला जमिनीवर लोळवलं. पण तोवर फार उशीर झाला होता. सतरा वर्षांची होती ती.

आग विझल्यावर दिव्याची जाळी जमिनीवर पडलेली सापडली. मालक मिस्टर स्टॅनिफोर्थ यांनी ती उचलून सगळ्यांसमोर सायलसच्या पुढ्यात धरली. "ही लावायला विसरलास तू. पोरीचा जीव तू घेतलास."

सायलसच्या दोन्ही हातांवर फोड आले होते आणि तो त्यांच्याकडेच बघत बसला होता.

मंगळवारी दुपारी त्याची बायको मर्सी माझ्या खोलीवर आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"गुरुवारी कॉरोनरपुढं तिच्या मृत्यूची चौकशी आहे," ती म्हणाली. "मालकांनी साक्ष दिली की झालं, थेट मोठ्या कोर्टात. मिस्टर टकवेल, त्याची छाती कशी आहे तुम्ही ऐकता ना रोज? तुरुंगातला एक हिवाळा काढणार नाही तो."

"मर्सी, मी काय करू शकतो?"

"रोज त्याच्यापासून चार पावलांवर बसता तुम्ही. एवढंच सांगा, जाळी लावलेली होती की नव्हती?"

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. आग आठवली. किंकाळी आठवली. जाळी आठवेना.

२

बुधवारी सकाळी रंगमंच रिकामा होता. फळ्या घासून काढल्या होत्या, तरी दुसऱ्या विंगेपाशी काळा डाग राहिलाच होता. जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली. मी ती खिडकीपाशी उजेडात नेली.

जाळीला दोन बाजू असतात. दिव्याकडची बाजू रोजच्या धुरानं काळी मिट्ट. रंगमंचाकडची बाजू एरवी स्वच्छ असते, कारण सायलस ती दर सोमवारी चिंधीनं पुसायचा. आता त्या स्वच्छ बाजूवर, कमरेच्या उंचीला, तारांमध्ये राखेचे बारीक धागे अडकले होते. मलमलीचे धागे.

मी तिथंच खाली बसलो. जाळी आधीच जमिनीवर पडलेली असती, तर झग्याचे धागे तिच्यावर चिकटले नसते. झगा जाळीला बाहेरून घासला होता, म्हणजे त्या क्षणी जाळी जागेवर होती.

मग ती पाडली कुणी? त्याचं उत्तर माझ्याच अंगावर होतं. सोमवारपासून माझा उजवा खांदा दुखत होता आणि सकाळी दाढी करताना मी तो काळानिळा पाहिला होता. जाळी अडकवायचा आकडा रंगमंचाच्या दिशेनं वाकलेला होता. मी ज्या दिशेनं धावत गेलो, त्याच दिशेनं. लेटीकडे धावताना मीच जाळी पाडली होती.

"काय शोधताय, टकवेल?"

मिस्टर स्टॅनिफोर्थ मागे उभे होते. दंडावर काळी फीत, हातात संध्याकाळच्या खेळाचं पत्रक.

"जाळी लावलेली होती, साहेब. सायलसची चूक नाही. हे धागे बघा."

त्यांनी बघितले. बराच वेळ बघितले. "बारीक बारीक गोष्टी बघायची सवय लागलीय तुम्हाला," ते म्हणाले. "कुणाची तरी चूक असणार ना? की देवाची म्हणायची? उद्या कॉरोनरला कुणीतरी लागेल, आणि संध्याकाळी मला अकराऐवजी बारा मुली लागतील. माझ्या डोक्याला दुसरे ताप नकोत." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "सोमवारी दुपारी मीच तिला मधोमध आणलं हो. तुमच्याच वहीत लिहिलंत ना तुम्ही? टोकाला उभी होती, पण अशी काही उठून दिसत होती की नजर तिथंच जायची. म्हटलं, हिला कडेला ठेवणं म्हणजे वेडेपणा."

ते निघून गेले. मी जाळी परत आकड्याला अडकवली आणि हात मागे घेता घेता थांबलो.

सायलसची चूक नव्हती, ठीक. पण जाळी असतानाही झगा पेटतो. मग नाताळपासून बारा मुली रोज त्याच जाळीला घासून जात होत्या. त्यांतली एकही आजवर का पेटली नव्हती?

३

"मी ढकललं तिला, असं म्हणतायत सगळे. तुम्ही पण तेच विचारायला आलात ना?"

नोरा पिम मुलींच्या रंगपटात एकटीच बसली होती. सोमवार दुपारपर्यंत रांगेत मधली जागा तिची होती. ती लेटीला दिल्यावर तिनं सगळ्यांसमोर कंगवा आरशावर फेकून मारला होता.

"ढकललंस?"

"नाही!" तिचे डोळे सुजले होते. "शिव्या दिल्या. म्हटलं, मालकांना डोळे मिचकावून जागा घेतलीस. हे म्हटलं मी तिला, मिस्टर टक. ती नुसती हसली. 'रागावू नकोस गं नोरा, एकच आठवडा, मग तुला परत,' म्हणाली. आणि चार तासांनी..." तिनं ओठ चावला. "मी तिच्या पुढं होते रांगेत. मागं कशी ढकलणार? तुम्हीच सांगा."

ते खरं होतं. विंगेत परतायचा क्रम माझ्या वहीत होता. नोरा चौथी, लेटी सातवी.

"नोरा, तुझा झगा कधी त्या जाळीला लागलाय?"

ती उठली आणि खुंटीवरचा आपला झगा काढून तिनं घोळ माझ्यापुढं पसरला. मांडीच्या उंचीला तळहाताएवढं भोक होतं, कडा काळ्या.

"शुक्रवारी. जळका वास आला म्हणून बघितलं, तर हे. आपोआप विझलं. मला चटकासुद्धा बसला नाही. कपडेपटातल्या क्रोलबाईला कळलं तर कान उपटेल म्हणून घडी घालून नाचते रोज." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "माझा विझला. तिचा का नाही विझला?"

"मीही तेच शोधतोय."

ती झग्यावरून हात फिरवत राहिली. कापड जाडसर झालेलं, पिवळट, बोटांना खरखरीत लागणारं. "पण तिचा झगा असा नव्हताच," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"शनिवारपर्यंत होता. आमच्यासारखाच, जुन्या मेणबत्तीच्या रंगाचा. सोमवारी ती आली ती पांढरीशुभ्र. आम्ही अकराजणी तिच्यापुढं न धुतलेल्या वाटत होतो. मला वाटलं, मालकांनी तिला नवा झगा दिला. त्याचाच तर राग आला मला."

मालकांना ती उठून दिसली होती. मलाही दिसली होती. मी वहीत 'हॉबडे, मधोमध' असं लिहिताना मनात म्हणालो होतो, पोरगी मोठी होतेय, रूप उजळतंय. झग्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

तिला नवा झगा दिला कुणी?

४

कपडेपट सर्वांत वरच्या मजल्यावर होता आणि तो तीस वर्षं मिसेस क्रोलच्या ताब्यात होता. ती शिवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात काहीच काम नव्हतं.

"नवा झगा?" ती म्हणाली. "कुठला नवा? बारा शिवले, बाराच आहेत. होते." तिनं खणातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "हॉस्पिटलातून परत पाठवलं हे. नियमानं थिएटरचं ना. काय करू मी याचं?"

झग्याची कमरपट्टी होती. पट्टी जाड कापडाची, त्यावर ओलं कांबळं पडलेलं, म्हणून तेवढी उरली होती. खाली मलमलीची दोन बोटं झालर. पट्टीच्या आत लाल दोऱ्यानं सात आकडा घातलेला.

"टाका तुमचाच?"

"डोळे मिटून ओळखेन. सात माझा असाच वाकडा येतो."

म्हणजे नवा नव्हे, तोच झगा. मी नोराच्या झग्याच्या जळक्या भोकाच्या कडेची एक चिंधी कापून आणली होती. मेणबत्ती लावली आणि ती ज्योतीवर धरली. चिंधी काळी पडली, धुमसली, विझली. मग सात नंबरच्या झालरीचा एक धागाभर तुकडा कापला. मिसेस क्रोलनं तोंडावर हात धरला.

तो ज्योतीला लागायच्या आत भप्पकन गेला.

"देवाशपथ, मी बाराही बुडवले होते," ती म्हणाली. "क्षाराच्या पाण्यात, रात्रभर. पोरी त्याला क्रोलबाईचं सूप म्हणायच्या. पाचएक वर्षांपूर्वी एका थिएटरात दोन पोरी जळाल्या, तेव्हापासून मी एक झगा सोडत नाही हो. त्यानं कापड पिवळं पडतं, अंगाला टोचतं, पण पेटत नाही. सात नंबरसुद्धा बुडवला होता. याच हातांनी."

मी कमरपट्टी खिडकीशी नेली. चुण्यांच्या आत, जिथं धुराचा हात पोचला नव्हता, तिथं कापड स्वच्छ होतं, आणि शिवणीच्या कडेनं एक फिकट रंग साठला होता. मी पट्टी तिच्यापुढं धरली.

"हे काय आहे?"

तिनं चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढला.

"नीळ," ती म्हणाली. "धुण्याची नीळ."

"तुम्ही घालता?"

"मी हे कपडे पाण्याला लावतच नाही. एकदा धुतलं की क्षार निघून जातो सगळा. हंगाम संपेपर्यंत धुवायचे नसतात." ती एकदम थांबली.

"आणि हे मुलींना सांगितलं होतं?"

खालच्या रस्त्यावरून एक बर्फाची गाडी खडखडत गेली.

"मालक म्हणाले, सांगू नका," मिसेस क्रोल म्हणाली. "म्हणाले, आगीचं नाव काढलंत तर निम्म्या पळून जातील आणि उरलेल्या पगार वाढवून मागतील. खळ आहे म्हणून सांगा. मी सांगितलं, खळ आहे." तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "डिसेंबरातल्या तालमीला, धुतलं की क्षार जातो हे पोरींना सांगू का विचारलं, तेव्हा म्हणाले हो ते. रंगमंचावर. तुम्ही तिथंच होता, मिस्टर टकवेल. स्टुलावर."

मी तिथंच होतो. ऐकलं होतं, आणि विसरूनही गेलो होतो.

मी विचारलं, "तिचं घर कुठं आहे?"

"टॅनर्स यार्डात. आईबरोबर राहायची." आणि मग मिसेस क्रोल अगदी हळू आवाजात म्हणाली, "तिची आई धोबीण आहे."

५

मिसेस हॉबडेनं दार उघडलं तेव्हा आत वाफ होती. शवपेटी यायला अजून दोन दिवस अवकाश होता आणि लोकांचे कपडे वाट बघत नाहीत, असं तीच म्हणाली. मोठी, रुंद खांद्यांची बाई. हात कोपरापर्यंत लाल. तिनं मला एकुलत्या एका चांगल्या खुर्चीवर बसवलं आणि चहा केला. साखर दोन चमचे घातली, विचारलं नाही.

"तुम्ही कोट टाकलात तिच्यावर," ती म्हणाली. "तिनं सांगितलं मला. पहाटे थोडी शुद्धीवर होती. म्हणाली, मिस्टर टकचा कोट खराब झाला गं आई."

मला कप खाली ठेवावा लागला.

"तुम्हाला तिच्याबद्दल बोलायचं असेल तर बोला," मी म्हणालो. "मी ऐकतो."

"बोलू काय. रोजच्यासारखी पोर." ती भिंतीकडे बघत बोलू लागली. "नाचायची आवड तिला लहानपणापासून. या इथं, या फरशीवर. रांगेत घेतली तेव्हा मला उचलून फिरवायला गेली, दोघी पडलो. पण मग रोज यायची ती तोंड पाडून. आई, मी टोकाला, मला कुणी बघत नाही, आणि तो झगा असा कळकट, असा खरखरीत, जसं गोणपाट नेसून नाचतेय. मी म्हटलं, अगं पोरी, तीस वर्षं मी या शहराचे कपडे पांढरे करतेय आणि माझीच मुलगी कळकट नाचणार? घेऊन ये. तर घाबरली. क्रोलबाई बाहेर नेऊ देत नाहीत म्हणाली. मी म्हटलं, रविवारी तर खेळ नसतो. कोटाच्या आत घालून आण, सोमवारी खुंटीला परत."

तिनं कोपऱ्यातल्या धुण्याच्या पिंपाकडे बोट केलं.

"तीन पाण्यांतून काढला. काय खळ घातली होती हो त्या बाईनं! चिकट, पांढरी, निघता निघेना. मग नीळ. मग इथं विस्तवासमोर वाळवला, मऊ इस्त्री फिरवली. सकाळी तिनं तो अंगाला लावून बघितला." मिसेस हॉबडे पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "सोमवारी दुपारी ती तालमीहून धावत आली. इथवर, धावत. आई, मला मधोमध घेतलं! आणि तशीच परत पळाली, कोटाची बटणंसुद्धा न लावता."

शेगडीवर पाणी उकळत होतं.

"मला जमलं नाही हो बघायला," ती म्हणाली. "शनिवारी येणार होते मी. तुम्ही होतात ना तिथं? तुम्हाला समोरूनच दिसत असेल. छान दिसत होती का ती? पांढरी?"

"हो," मी म्हणालो. "सगळ्यांत पांढरी."

तिनं मान हलवली. दोनदा. मग उठून तिनं माझा कप पुन्हा भरला.

मी टॅनर्स यार्डातून बाहेर पडलो तेव्हा मला सगळं कळलं होतं आणि काय करावं ते काहीच कळत नव्हतं. उद्या अकरा वाजता कॉरोनर मला विचारणार. गप्प बसलो तर सायलस जातो. बोललो तर ही बाई आयुष्यभर त्या तीन पाण्यांत हात घालून बसते.

मग मला वाटलं, तिसरीही एक वाट आहे.

६

चौकशी 'थ्री केग्ज' या दारूच्या दुकानाच्या माडीवर होती. आमच्याकडे अशा चौकश्या तिथंच होतात. लांब टेबल, बारा पंच, कॉरोनर म्हणजे थकलेल्या डोळ्यांचा एक म्हातारा डॉक्टर. सायलस एका शिपायाशेजारी, हातांना पट्ट्या. मर्सी त्याच्या मागं. नोरा आणि मिसेस क्रोल भिंतीशी. मालक पुढच्या बाकावर. आणि दाराजवळ, काळी शाल घेऊन, मिसेस हॉबडे.

मालकांनी आपली साक्ष दिली. मग मी उभा राहिलो.

मी जाळी टेबलावर ठेवली. राखेचे धागे दाखवले, वाकलेला आकडा सांगितला, सदरा सरकवून खांदा दाखवला. पंचांतला एक लोहार पुढं वाकून म्हणाला, "बरोबर. जाळी होती." मागं मर्सीचा हुंदका ऐकू आला.

"मग झगा पेटला कसा?" कॉरोनरनी विचारलं.

मी मेणबत्ती लावली. नोराच्या झग्याची चिंधी विझली. सात नंबरची भप्पकन पेटून गेली. मी म्हणालो, झगे क्षाराच्या पाण्यात बुडवलेले असतात. सात नंबरचा झगा नंतर धुतला गेला. पाण्यानं क्षार निघून गेला. चुण्यांत नीळ आहे.

"कुणी धुतला?"

हीच ती जागा होती. मी रात्रभर वाक्य पाठ केलं होतं.

"तिनंच धुतला असणार," मी म्हणालो. "नवखी होती. छान दिसायचं वय. घरी नेऊन धुतला असेल. थिएटरचा नियम मोडला तिनं, पण तिला कल्पना नव्हती."

आता तिला कशानंच इजा होणार नव्हती. ती गेली होती. जी मागं उरली होती तिला मी वाचवत होतो, असं मला वाटलं.

"नाही."

सगळे वळले. मिसेस हॉबडे उभी होती.

"माझ्या पोरीवर घालू नका," ती म्हणाली. तिचा आवाज चांगला मोठा होता, अंगणापलीकडे हाक मारायची सवय असलेला. "तिनं नियम मोडला नाही. ती घाबरत होती, मीच म्हटलं घेऊन ये. आणि तिनं धुतला नाही. माझी पोर धुणं करायची नाही. तिच्या हातांना मी जन्मात कधी सोडा लागू दिला नाही, विचारा टॅनर्स यार्डात कुणालाही. मी धुतला तो. मी. तीन पाण्यांतून मी..."

आणि ती थांबली.

माझी साक्ष तिनं ऐकली होती, पण मुलीची बाजू घ्यायच्या घाईत तिच्या मनात ती अजून उतरली नव्हती. आता उतरली. मी ते होताना पाहिलं. तिनं आपले दोन्ही हात शालीतून बाहेर काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग ती आवाज न करता बाकावर बसली, आणि शेजारच्या अनोळखी बाईनं तिला धरलं.

कॉरोनरनी लेखणी खाली ठेवून विचारलं, "पाण्यानं हे निघून जातं, हे मुलींना कुणी सांगितलं होतं?"

"नाही," मिसेस क्रोल भिंतीपासून म्हणाली. "मालकांनी सांगू नका म्हटलं. मी नाही सांगितलं."

"मीही नाही," मी म्हणालो.

पंचांनी अपघाती मृत्यू लिहिला. कुणाचाच गुन्हा नाही. सायलसला तिथंच सोडलं. तो जिना उतरून खाली आला, पण घरी गेला नाही. मिसेस हॉबडे बाहेर येईपर्यंत टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला, आणि ती चालू लागल्यावर तो आणि मर्सी तिच्या मागं, दहा पावलं अंतर ठेवून, टॅनर्स यार्डपर्यंत गेले. मी गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही.

७

त्याच संध्याकाळी खेळ होता. साडेपाचला मी मुलींच्या रंगपटात शिरलो आणि दार लावून घेतलं. अकराजणी होत्या आणि लेटीच्या जागी आलेली एक. मी त्यांना सगळं सांगितलं. सूप कशासाठी, धुतल्यावर काय होतं, जाळी किती रोखते आणि किती नाही. दोघी रडल्या. नवी मुलगी अर्धी तयार झाली होती, तिनं झगा काढून खुर्चीवर ठेवला, आपला कोट घातला आणि निघून गेली. मालकांनी मला शनिवारी काढून टाकलं.

रविवारी लेटीला पुरलं. दफनभूमी टेकडीवर आहे. बरेच लोक आले होते, नोरा होती, गॅरड नवराबायको होते, मिसेस क्रोल होती. प्रार्थना झाली, माती टाकून झाली, लोक पांगले. मी कडेला उभा होतो. मिसेस हॉबडे माझ्याकडे आली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं विचारलं. "पाण्यानं ते जातं, हे?"

"हो."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून."

"माझ्याकडे बसून चहा प्यालात, तेव्हा सगळं कळलं होतं तुम्हाला."

"हो. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून..."

"मला?" ती म्हणाली. "मला वाचवायला तुम्ही माझी पोर वाईट ठरवणार होतात?"

वारा फार बोचरा होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्यानं की कशानं, कोण सांगणार.

"आता सांगितलंत त्यांना? बाकीच्यांना?"

"गुरुवारीच. बाराजणींना."

"ऐकलं त्यांनी?"

"एक काम सोडून गेली."

"शहाणी पोर," मिसेस हॉबडे म्हणाली. "तिच्या आईला बरं वाटलं असेल."

मग तिनं माझा हात धरला आणि आम्ही उतरायला लागलो. माफी नव्हती ती, मला कळत होतं. उतारावर बर्फ होता, आणि धरायला दुसरं कुणी नव्हतं.